निर्बंधित बंदूक सुट्या भागांतून जोडताना: कॅनडात नोंदणी नेमकी कशाची आणि केव्हा?

बोकाठ

कॅनडातल्या नेमबाजी क्लबांमध्ये मराठी मंडळींची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याबरोबरच एक प्रश्न वरचेवर कानावर येतो आणि तो चुकीच्या समजुतीवर उभा असल्यामुळे मला त्याची काळजी वाटते. प्रश्न असा: "सगळे भाग वेगवेगळे मागवले, हळूहळू बंदूक जोडली, तर नोंदणी शेवटी, बंदूक पूर्ण झाल्यावरच करायची ना?" या समजुतीवर विसंबून वागणारा माणूस कोणताही वाईट हेतू नसताना गुन्हेगार ठरू शकतो, म्हणून हा धागा काढतो आहे. मी वकील नाही. क्लबात नव्या सदस्यांना नियम समजावून देण्याचे काम माझ्याकडे असते आणि त्यासाठी मूळ कायदे मी वाचलेले आहेत.

सगळ्याचे मूळ कॅनडाच्या फौजदारी संहितेच्या दुसऱ्या कलमात आहे. तिथे बंदुकीची जी व्याख्या दिली आहे, तीत नळी असलेले आणि गंभीर इजा किंवा मृत्यू घडवू शकणारे शस्त्र तर येतेच, पण अशा शस्त्राची फ्रेम किंवा रिसीव्हरही येतो. म्हणजे ज्या मुख्य तुकड्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो, ज्यात चापाची यंत्रणा किंवा बोल्ट बसतो, तो एकटा तुकडा टेबलावर ठेवलेला असला तरी कायद्याच्या दृष्टीने ती बंदूक आहे. त्याला नळी नाही, दस्ता नाही, त्यातून गोळी सुटणे शक्य नाही, या कशानेही फरक पडत नाही. त्यामुळे निर्बंधित वर्गातली फ्रेम ज्या क्षणी तुमच्या मालकीची होते, त्याच क्षणी तिचे नोंदणी प्रमाणपत्र तुमच्या नावावर असावे लागते. जोडणी हा त्यानंतरचा टप्पा आहे.

१९९५ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे आणि फौजदारी संहितेप्रमाणे बंदुका तीन वर्गांत मोडतात: अनिर्बंधित, निर्बंधित आणि निषिद्ध. २०१२ च्या एप्रिलमध्ये अनिर्बंधित लांब बंदुकांची नोंदणी रद्द झाली, म्हणून शिकारीची साधी रायफल बाळगणाऱ्यांना केंद्रीय नोंदणीशी संबंध येत नाही (क्वेबेक प्रांताची स्वतःची नोंदणी वेगळी आहे). निर्बंधित आणि निषिद्ध वर्गांची नोंदणी मात्र कायम आहे. (पिस्तुलांची नोंदणी तर या देशात १९३४ पासून आहे.) निषिद्ध नसलेली प्रत्येक पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर निर्बंधित वर्गात येते. ४७० मिलिमीटरपेक्षा आखूड नळीची, मध्याघाती (बुडाच्या मधोमध आघात होऊन पेटणारी) काडतुसे वापरणारी अर्धस्वयंचलित रायफल निर्बंधित ठरते. घडी घालून किंवा आत सरकवून ६६० मिलिमीटरपेक्षा कमी लांबीची करता येते आणि त्या अवस्थेत झाडताही येते, अशी बंदूकही निर्बंधितच आणि शिवाय नियमांद्वारे नावाने घोषित केलेल्या काही बंदुका.

आता क्रम पाहा (व्यक्तीने नवे पिस्तूल घेण्यावर मात्र २०२२ पासून बंदी आहे). प्रथम निर्बंधित बंदुकीचा परवाना, म्हणजे ज्याला सगळे आर-पाल म्हणतात तो. त्यासाठी सर्वसाधारण आणि निर्बंधित असे दोन्ही सुरक्षा अभ्यासक्रम उत्तीर्ण व्हावे लागतात आणि पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो. त्यानंतर बंदूक कशासाठी हवी, हे सांगावे लागते. व्यक्तीच्या बाबतीत ते बहुधा लक्ष्यवेध, स्पर्धा किंवा संग्रह असते. मग हस्तांतरणाला मंजुरी, बंदुकीची किंवा सुट्या फ्रेमची मान्यताप्राप्त तपासनिसाकडून पडताळणी, आणि रजिस्ट्रारकडून प्रमाणपत्र. हे रजिस्ट्रार आरसीएमपीच्या, म्हणजे केंद्रीय पोलीस दलाच्या, कॅनेडियन फायरआर्म्स प्रोग्रॅममध्ये असतात. इतके झाल्यावरच फ्रेम तुमच्या हाती येते.

अनुक्रमांकाबद्दल वेगळे सांगायला हवे. फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या चौदाव्या कलमानुसार, इतर बंदुकांपासून वेगळी ओळखता येईल असा अनुक्रमांक असलेल्या किंवा विहित पद्धतीने वर्णन केलेल्या बंदुकीचीच नोंदणी होऊ शकते. जुन्या फ्रेमवर अनुक्रमांक नसला, तर रजिस्ट्रार ओळखक्रमांक देतात आणि तो फ्रेमवर लावावा लागतो. असलेला अनुक्रमांक खोडणे किंवा बदलणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, तेव्हा जुनी फ्रेम घासूनपुसून चकचकीत करण्याची हौस असणाऱ्यांनी त्या जागेला हात लावू नये.

घाटमाथा

धागा अतिशय उपयुक्त आहे. माझा प्रश्न थोडा उलट बाजूने येतो. माझ्याकडे मध्याघाती अर्धस्वयंचलित रायफल आहे, नळी ५०८ मिलिमीटरची, म्हणजे ती अनिर्बंधित आहे आणि तिची नोंदणी नाही. तिला कारखान्यातच तयार झालेली ४६० मिलिमीटरची नळी बसवण्याचा विचार आहे. फ्रेम तीच राहणार आहे, नवी बंदूक विकत घेणार नाही. तरीही नोंदणी करावी लागेल का?

बोकाठ

हो, करावी लागेल आणि तुमचे उदाहरण या विषयाच्या गाभ्याला हात घालणारे आहे. फ्रेम ही बंदूक आहे हे खरे असले, तरी तिचा वर्ग कोणता हे पुष्कळदा तिला जोडलेल्या नळीवरून ठरते. तुमची रायफल ५०८ मिलिमीटरच्या नळीसह अनिर्बंधित आहे. ४६० मिलिमीटरची नळी बसताक्षणी ती निर्बंधित होईल, आणि नोंदणी प्रमाणपत्राशिवाय निर्बंधित बंदूक बाळगणे हा फौजदारी संहितेच्या ९१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. जाणूनबुजून केल्यास ९२ वे कलम लागते.

वर्ग बदलणारा फेरफार ३० दिवसांच्या आत रजिस्ट्रारला कळवावा, असा नियम नोंदणी प्रमाणपत्राच्या अटींमध्ये आहे. इथे बारकाईने वाचावे: ही अट प्रमाणपत्रधारकासाठी आहे, म्हणजे ज्याची बंदूक आधीच नोंदलेली आहे त्याच्यासाठी. तुमच्या रायफलीला प्रमाणपत्रच नाही, तेव्हा ३० दिवसांची सवलत गृहीत धरून आधी नळी बसवणे आणि मग कळवणे हा मार्ग मला तुमच्यासाठी सुरक्षित वाटत नाही. आधी कॅनेडियन फायरआर्म्स प्रोग्रॅमला विचारा, उत्तर लेखी मिळवा, निर्बंधित वर्गाचा परवाना हाताशी आहे याची खात्री करा, आणि त्यांनी सांगितलेल्या क्रमानेच पुढे जा.

दुसरी सीमारेषा ४५७ मिलिमीटरची. रायफल किंवा शॉटगन करवतीने, कापून किंवा अन्य फेरफाराने बदलल्यामुळे तिची नळी ४५७ मिलिमीटरपेक्षा आखूड झाली, किंवा एकूण लांबी ६६० मिलिमीटरपेक्षा कमी झाली, तर ती निषिद्ध वर्गात जाते. कापलेल्या नळीचा परतीचा रस्ता नाही. तुमची नळी ४६० ची आहे, म्हणजे दोन्ही सीमांच्या मधल्या तेरा मिलिमीटरांच्या पट्ट्यात ती बसते. तिचे माप विक्रेत्याच्या पत्रकावरून गृहीत न धरता प्रत्यक्ष मोजून घ्या. हा वर्गबदल झाल्यावर काय काय बदलते, त्याचाही विचार आधी करा: ही रायफल शिकारीला नेता येणार नाही, मान्यताप्राप्त रेंजवरच चालवता येईल आणि घराबाहेर काढताना वाहतुकीचा अधिकृत परवाना लागेल. केवळ पाच सेंटिमीटर नळी कमी करण्यासाठी एवढे ओझे घ्यावे का, हा निर्णय तुमचा आहे. मी स्वतः घेतले नसते.

लालपान_ओंटारियो

वरच्या माहितीत जोडणी प्रत्यक्ष कोण करतो, या मुद्द्याची भर घालावीशी वाटते, कारण आपल्या लोकांत एकमेकांना मदत करण्याची सवय आहे आणि ती इथे अंगाशी येऊ शकते.

आपल्या नावावर नोंदलेल्या फ्रेमवर आपण स्वतः भाग बसवणे ही एक गोष्ट झाली. एखादा जाणता मित्र पैसे घेऊन दुसऱ्यांच्या बंदुका जोडून देऊ लागला, की तो फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या दृष्टीने व्यवसाय ठरू शकतो, कारण व्यवसायाच्या व्याख्येत उत्पादनाबरोबर जोडणीचाही स्पष्ट उल्लेख आहे आणि व्यवसायाला वेगळा परवाना लागतो. मित्राकडे निर्बंधित वर्गाचा परवाना असला तरी नोंदलेली फ्रेम त्याच्या घरी आठवडाभर ठेवून येणे हेही साधे प्रकरण नाही, कारण निर्बंधित बंदूक कुठे ठेवायची आणि कुठून कुठे न्यायची, हे दोन्ही कायद्याने बांधलेले आहे.

बंदुकीच्या कारागिराकडे न्यायची असली तरी परवानगी लागते. पूर्वी परवान्याबरोबरच मिळणाऱ्या वाहतूक अधिकारात कारागिराकडे जाणे समाविष्ट असे. ७ जुलै २०२१ पासून तो आपोआप मिळणारा अधिकार मुख्यतः मान्यताप्राप्त रेंजपुरता आणि नवी बंदूक घरी आणण्यापुरता राहिला. कारागिराकडे, प्रदर्शनात किंवा सीमेवर न्यायची असेल तर प्रांताच्या चीफ फायरआर्म्स ऑफिसरकडून त्या प्रवासासाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) नसलेली नुसती फ्रेम नेत असलात तरीही हेच लागू, कारण बोकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे ती फ्रेमच बंदूक आहे. नेताना ती रिकामी, चापाला कुलूप लावलेली आणि सहज न फुटणाऱ्या अपारदर्शक कुलूपबंद पेटीत असावी.

मिशिगनकर

मी सीमेच्या अलीकडे, अमेरिकेत राहतो. इथे अर्धवट घडवलेली फ्रेम आणि बाकीचे भाग असे संच मिळत असत आणि ते घरी पूर्ण करणारे लोक मी पाहिले आहेत. कॅनडात विंडसरला राहणारा माझा चुलतभाऊ विचारतो आहे की असा संच, किंवा निदान एखादी नळी, मी भेटीला येताना त्याच्यासाठी आणू शकतो का. शिवाय माझी स्वतःची एआर-१५ रायफल घेऊन मी त्याच्या रेंजवर येऊ शकतो का?

बोकाठ

तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर नाही असेच आहे, आणि कृपया चुलतभावालाही हे वाचायला द्या.

अर्धवट फ्रेम घरी पूर्ण करणे याला कायदा जोडणी म्हणत नाही. ते बंदुकीचे उत्पादन आहे. आधी बनलेल्या, अनुक्रमांक असलेल्या, नोंदलेल्या फ्रेमवर नळी आणि इतर भाग बसवणे आणि नवी फ्रेम घडवणे, यांच्यात कायदा मोठे अंतर मानतो. १५ डिसेंबर २०२३ रोजी सी-२१ या विधेयकाला राजसंमती मिळाली आणि तेव्हापासून बेकायदा बनवलेली कोणतीही बंदूक, ती कोणत्याही पद्धतीने बनवलेली असो, थेट निषिद्ध वर्गात मोडते. म्हणजे घरी केलेली ती बंदूक निर्बंधित म्हणून नोंदवून घेण्याची वाटच उरलेली नाही. त्याच कायद्याने शस्त्रांच्या बेकायदा व्यापाराची आणि उत्पादनाची कमाल शिक्षा १० वर्षांवरून १४ वर्षांवर नेली आणि बंदूक बनवण्याच्या संगणकीय आराखड्यांचे बेकायदा उत्पादनासाठी वितरण करणे हाही गुन्हा ठरवला.

नळीचा नियमही त्याच कायद्याने बदलला. बंदुकीची नळी आणि पिस्तुलाची स्लाइड यांना आता बंदुकीचा भाग अशी कायदेशीर ओळख आहे आणि त्या घ्यायच्या किंवा आयात करायच्या तर वैध परवाना लागतो. विक्रेत्यांनी तो तपासण्याची व्यवस्था १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. नळीला स्वतंत्र नोंदणी लागत नाही, हा फरक ध्यानात ठेवावा: नोंदणी फ्रेमची, परवाना दोहोंसाठी. पण सामानात नळी घालून सीमा ओलांडणे ही तस्करी ठरू शकते, आणि अमेरिकेच्या बाजूचे निर्यातीचे नियम वेगळेच आहेत. चुलतभावाकडे परवाना असेल तर त्याने कॅनडातल्या परवानाधारक दुकानातून नळी घ्यावी.

एआर-१५ बद्दल: ही रायफल २०२० पर्यंत निर्बंधित वर्गात होती आणि सुट्या भागांतून जोडणी करणाऱ्या हौशी लोकांची तीच सर्वात आवडती होती, कारण तिचा खालचा रिसीव्हर नोंदवला की वरचे भाग सोयीप्रमाणे बदलता येत. आंतरजालावरची जुनी मार्गदर्शने त्या काळातली आहेत आणि आता ती दिशाभूल करतात. १ मे २०२० च्या आदेशाने सुमारे १,५०० प्रकारच्या बंदुका निषिद्ध झाल्या, त्यांत एआर-१५ आणि तिचे सर्व उपप्रकार आले. डिसेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये या यादीत आणखी भर पडली. त्या वेळी ज्यांच्याकडे त्या कायदेशीररीत्या होत्या, त्यांच्यासाठी माफीची मुदत वाढत वाढत ३० ऑक्टोबर २०२६ पर्यंत आली आहे, पण ती मुदत बाळगण्यापुरती आहे, रेंजवर चालवण्यासाठी नाही. पाहुणा म्हणून तुम्ही ती सीमेपलीकडे आणूच शकत नाही.

तुमच्याकडचा कायदाही या बाबतीत स्थिर राहिलेला नाही. फ्रेम किंवा रिसीव्हर म्हणजेच बंदूक, हे तत्त्व अमेरिकेतही १९६८ च्या कायद्यापासून आहे. २०२२ मध्ये तिथल्या केंद्रीय यंत्रणेने असे संचही बंदुकीच्या व्याख्येत आणले आणि २६ मार्च २०२५ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल जोडायची असेल तर तिथे केंद्राची मंजुरी जोडणीच्या आधी यावी लागते, नंतर नाही. तेवढ्यापुरते दोन्ही देशांचे म्हणणे एकच आहे.

सह्यमेघ

मी सातारा जिल्ह्यातला आहे. घरात आजोबांपासून परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. वरची चर्चा वाचून भारतातला फरक लिहावासा वाटला, कारण इकडून तिकडे गेलेले लोक आणि तिकडून इकडे सुट्टीला येणारे लोक, दोघांनाही तो माहीत असणे गरजेचे आहे.

आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश आहे. कॅनडात फ्रेम ही बंदूक आणि नळी हा परवान्याने मिळणारा भाग, अशी विभागणी दिसते. इथे भागही अग्निशस्त्रच. उत्पादन, विक्री, हस्तांतरण, रूपांतर, दुरुस्ती हे सगळे पाचव्या कलमाखाली परवान्याचे विषय आहेत आणि नळी आखूड करण्यावर सहाव्या कलमात वेगळा निर्बंध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनाला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आहे. म्हणून परदेशातून येताना एखादी नळी, स्प्रिंग किंवा स्लाइड "नुसता सुटा भाग आहे" म्हणून सामानात टाकण्याचा विचारही कोणी करू नये. विमानतळावर पकडले गेल्यास हा युक्तिवाद टिकणार नाही.

दूरचा_किनारा

सगळे प्रतिसाद वाचले. एक प्रामाणिक शंका आहे. ज्या माणसाने दोन अभ्यासक्रम केले, पार्श्वभूमीची तपासणी करवून घेतली, बंदूक कुलपात ठेवली, त्याच्यावर एवढे नियम लादून काय साधते? गुन्हेगार नोंदणी करायला जात नाहीत.

लालपान_ओंटारियो

तुमची शंका रास्त आहे आणि तिचा राग येण्याचे कारण नाही. क्लबातही ती दर आठवड्याला ऐकू येते. माझे मत मी मांडतो.

१९९५ चा कायदा आला तो मॉन्ट्रियलच्या इकोल पॉलिटेक्निकमध्ये ६ डिसेंबर १९८९ रोजी १४ तरुणींची हत्या झाल्यानंतर, आणि २०२० चा आदेश आला तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये नोव्हा स्कोशियात २२ जणांचे बळी गेल्यानंतर. यादीतली प्रत्येक बंदूक योग्य निकषांवर निवडली गेली, असे मी म्हणणार नाही. त्या याद्यांविषयी माझ्याही तक्रारी आहेत. पण फ्रेमच्या नोंदणीचा नियम त्या याद्यांपेक्षा जुना आणि कितीतरी अधिक सुसंगत आहे. बंदूक सुट्या भागांत विकता येते, भाग बदलता येतात, जुने फेकून नवे लावता येतात. या सगळ्यात एकच तुकडा असा आहे की ज्यावर क्रमांक आहे आणि ज्यामागे जबाबदार माणसाचे नाव आहे. तो दुवा जोडणी पूर्ण होईपर्यंत मोकळा सोडला, तर चोरीला गेलेली फ्रेम कोणाची हे पोलिसांना कधीच कळणार नाही. नियम पाळणाऱ्या माणसाला त्यातून संरक्षणही मिळते: त्याच्या घरातून चोरी झाली, तर ती फ्रेम त्याची होती आणि त्याने ती कळवली होती, हे कागदावर असते.

पैलतीर

माझा प्रश्न दुःखद प्रसंगातून आला आहे. वडिलांचे निधन झाले. ते व्हँकुव्हरजवळ राहत आणि स्पर्धांमध्ये भाग घेत. त्यांच्या तिजोरीत एका पिस्तुलाची फ्रेम वेगळी, स्लाइड आणि नळी वेगळ्या, असे निघाले आहे. नवी नळी बसवण्याचे काम अर्धवट राहिले असावे. नोंदणी प्रमाणपत्र सापडले. माझ्याकडे परवाना नाही. आता हे पिस्तूल पूर्ण जोडून घ्यावे लागेल का, आणि आठवण म्हणून मी ते ठेवू शकते का?

बोकाठ

तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. त्यांनी प्रमाणपत्र सोबत जपून ठेवले, यामुळे तुमचे काम पुष्कळ सोपे होईल.

जोडून घेण्याची मुळीच गरज नाही, आणि घेऊही नका. फ्रेम नोंदलेली आहे, तीच बंदूक आहे, आणि सुटी असल्यामुळे तिच्या कायदेशीर स्थितीत काही बदल होत नाही. तिजोरी कुलूपबंद ठेवा, भाग आहेत तिथेच राहू द्या. मृत्युपत्राचा निष्पादक, किंवा तो नसल्यास इस्टेटीचा प्रशासक, वाजवी काळापुरती बंदूक ताब्यात ठेवू शकतो, पण तिची व्यवस्था लावण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. त्याने कॅनेडियन फायरआर्म्स प्रोग्रॅमला मृत्यूची माहिती द्यावी आणि इस्टेटीच्या वतीने काम करण्याचा अधिकार असल्याचे घोषणापत्र मागवून भरावे.

ठेवण्याबद्दलचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. २१ ऑक्टोबर २०२२ पासून पिस्तुलांच्या हस्तांतरणावर देशभर बंदी आहे आणि २०२३ च्या कायद्याने ती कायम झाली. व्यक्तीच्या नावावर नवे पिस्तूल नोंदले जात नाही. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक प्रकारांतले अधिकृत नेमबाज आणि बाळगण्याची विशेष परवानगी असलेले मोजके लोक यांनाच अपवाद आहे. तुम्ही आता परवाना काढलात तरी वारशाने ते पिस्तूल तुमच्या नावावर होणार नाही. नुसती फ्रेम घेऊन बाकीचे भाग विकून टाकले, तरी तेच.

तुमच्यापुढे उरतात ते मार्ग असे: परवानाधारक व्यापाऱ्याला किंवा संग्रहालयाला देणे, कायदेशीर निर्यात, पोलिसांकडे सुपूर्द करणे, किंवा परवानाधारक व्यावसायिकाकडून ते कायमचे निकामी करून घेणे. शेवटच्या मार्गाने आठवण तुमच्याकडे राहते. मान्य निकषांनुसार निकामी केलेली बंदूक कायद्याने बंदूक राहत नाही, आणि तसे रजिस्ट्रारला कळवून पुष्टी मिळाली की मूळ नोंदणीही संपते. निकामी करताना फ्रेम, नळी आणि स्लाइड तिन्हींवर काम करावे लागते, तेव्हा सगळे भाग एकत्र द्या. पोलिसांना किंवा कारागिराला देण्याआधी स्वतः गाडीत घालून नेऊ नका. आधी फोन करा, ते घरी येऊन नेऊ शकतात किंवा निष्पादकाला वाहतुकीची परवानगी कशी मिळेल ते सांगतात. तिजोरीत काडतुसे असतील तर तीही त्याच वेळी त्यांच्या कानावर घाला.